आढ्यापासून वळचणीपर्यंत

घराला आढं असतं. त्याच्या दोन अंगांना दोन पाखं उतरतात. पावसाचा थेंब आढ्याच्या कोणत्या अंगाला पडला, यावर तो पुढच्या अंगणात जाणार की मागच्या परसात, हे ठरतं. पाख्यावरून पाणी वळचणीला येतं, पन्हळ लावलेली असेल तर एका जागी पडतं. डोंगराचंही असंच असतं. माथ्याची धार हे आढं, उतार ही पाखं, आणि ओढा ही पन्हळ. एका पन्हळीत जेवढ्या पाख्याचं पाणी येतं, तेवढं तिचं पाणलोट क्षेत्र.

सातवीच्या मुलांना पाणलोट समजावून द्यायला मला याहून जवळची वाट सापडलेली नाही. घरं आता स्लॅबची झाली, पण गोठ्याला पत्रा असतोच आणि शाळेला पत्रा नाहीतर कौलं असतात. पुरंदर तालुक्याच्या पूर्व भागातल्या शाळांमध्ये मी शिक्षकांबरोबर हे काम करते. इथे पाऊस वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. पश्चिमेला सह्याद्रीच्या कड्यावर महाबळेश्वरला पाच हजारांच्या पुढे पाऊस पडतो आणि ढग डोंगर ओलांडून इकडे येईपर्यंत रिते झालेले असतात. या मुलांना टँकर माहीत आहे. हंड्यांची रांग माहीत आहे. पाणी नसणं त्यांना कुणी शिकवायला नको. पडलेलं पाणी जातं कुठे, हे मात्र शिकवावं लागतं.

आपल्याकडे पाण्याचं शिक्षण बहुतेक वेळा २२ मार्चला, जागतिक जलदिनी होतं. चित्रकला स्पर्धा असते, मुलं गळका नळ काढतात, घोषणा देत गावातून फेरी निघते. ज्या गावात नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं, तिथल्या मुलीला गळक्या नळाचं चित्र काढायला लावणं मला पटत नाही. तिच्या गावाचा प्रश्न नळात नाही, माळावर आहे. म्हणून माझा क्रम ठरलेला आहे. मुलांच्या हाती आधी माप द्यावं, मग कुदळ, आणि घोषणा द्यायचीच असेल तर ती अगदी शेवटी. हे प्रत्यक्षात कसं करायचं ते इथे सांगते. शाळेचं वर्ष जसं पुढे सरकतं, त्याच ओघाने.

पहिल्या तासाला ताडपत्री लागते. जुनी, भोकं नसलेली. पटांगणात विटा आणि दगड उंचसखल मांडायचे आणि त्यावर ताडपत्री सैलसर पसरायची. मुलं स्वतःच चिमटे काढून, दाबून डोंगर आणि घळी तयार करतात. मग एका माथ्यावर चिमूटभर गुलाल, दुसऱ्यावर नीळ, आणि वरून झारीने पाणी. गुलाबी आणि निळे ओघळ वेगवेगळे निघतात, कुठेतरी एकत्र येतात, आणि ज्या खळग्यात साचतात तिथलं पाणी जांभळं होतं. आता मुलांना विचारायचं, की गाव कुठे वसवाल आणि विहीर कुठे खणाल? बाटलीची टोपणं विहिरी म्हणून ठेवायला द्यावीत. प्रत्येक गट वाद घालून जागा बदलतो. पुन्हा झारी फिरते. वरच्या वाडीतला गुलाल खालच्या विहिरीत उतरलेला पाहिला, की पाणलोट ही सगळ्यांची मिळून एकच गोष्ट आहे हे वेगळं सांगावं लागत नाही. एका तासिकेत हे सगळं होतं. घाई करू नये. झारी तीन-चार वेळा फिरली, की शेवटच्या वेळी मुलं पाणी पडायच्या आधीच ते कुठे जाईल ते बोटाने दाखवतात.

दुसरं काम पर्जन्यमापकाचं. हवामान खात्याच्या पर्जन्यमापकाची कड जमिनीपासून तीस सेंटिमीटर उंच ठेवतात आणि रोज सकाळी साडेआठला नोंद घेतात. शाळेत दोन लिटरची, बाजू सरळ असलेली प्लॅस्टिकची बाटली पुरते. वरचा निमुळता भाग कापून उलटा, नरसाळ्यासारखा बसवायचा, म्हणजे पाणी उडून जात नाही. तळाला खड्डे आणि फुगवटे असतात, तिथे खडे टाकून वर थोडं सिमेंट ओतायचं. बाजू जिथून सरळ होतात तिथवर पाणी भरून ती शून्याची खूण करायची. बाहेरून पट्टी चिकटवली की काम झालं. बाटली झाडाखाली किंवा भिंतीला लागून ठेवू नये. झाड किंवा भिंत जितकी उंच, तिच्या निदान दुप्पट अंतर मोकळं हवं.

इथे एक प्रश्न हमखास येतो आणि यायलाच हवा. बाटलीचं तोंड लहान, पिंपाचं मोठं, मग दोन्हीत पाऊस सारखा कसा? उत्तर तोंडी देऊ नये. सरळ बाजूंचा लहान डबा, सरळ बाजूंचं मोठं पातेलं आणि तिरक्या बाजूंचं घमेलं पावसात शेजारी शेजारी ठेवावं. डब्यात आणि पातेल्यात पट्टी सारखंच सांगते, घमेल्यात वेगळं. कारण शोधायला मुलांना दोन दिवस द्यावेत. मिलिमीटर ही पाण्याची खोली आहे, हे एकदा डोक्यात बसलं की पुढचा सगळा हिशेब त्यावर उभा राहतो. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर पाणी.

नोंदवहीबद्दल एक गोष्ट आग्रहाने सांगते. पाऊस झाला नाही तर शून्य लिहायचं. मोजायचं राहून गेलं तर 'मोजलं नाही' असंच लिहायचं. या दोन्हींत जमीनअस्मानाचा फरक आहे. रविवारी, पोळ्याला, दिवाळीच्या सुट्टीत नोंद कोण घेणार हे आधी ठरवावं. शाळेजवळ राहणाऱ्या दोन मुलांकडे पाळी द्यावी. महसूल मंडळाच्या केंद्रावर पडलेला पाऊस सगळ्या गावांना लागू धरला जातो आणि चार किलोमीटरवर चित्र वेगळं असू शकतं. स्वतःच्या गावाचा पाऊस रोजच्या रोज लिहिलेली वही गावात एकच असते आणि ती सातवीच्या वर्गात असते, हे कळल्यावर मुलं ती जपतात.

मग शाळेचं छप्पर मोजायचं. वीस मीटर लांब, सहा मीटर रुंद, म्हणजे १२० चौरस मीटर. दहा मिलिमीटरची एक सर आली की त्यावर १२०० लिटर पाणी पडतं. आपला हंडा साधारण पंधरा लिटरचा. ऐंशी हंडे. हा आकडा फळ्यावर आला तेव्हा एक मुलगी उठून व्हरांड्यात गेली आणि पागोळ्यांखाली पडलेल्या खड्ड्यांची रांग पाहत उभी राहिली. आईबरोबर पाण्याला जाणारी मुलगी ती. ऐंशी हंडे म्हणजे किती खेपा, हे वर्गात तिच्याइतकं कुणालाच कळलेलं नव्हतं.

छपरावरून गावाकडे जाणं आता सोपं असतं. गावाचं क्षेत्र ८०० हेक्टर धरू आणि पाऊस ५०० मिलिमीटर. एका हेक्टरवर एक मिलिमीटर म्हणजे दहा हजार लिटर, एक मोठा टँकर. पाचशे मिलिमीटरचे हेक्टरी पाचशे टँकर, आणि आठशे हेक्टरांचे चार लाख टँकर. चारशे कोटी लिटर! मुलांना हा आकडा खोटा वाटतो. तीन-तीनदा गुणाकार करतात. एवढं पाणी पडत असताना एप्रिलमध्ये एक टँकर कशासाठी बोलवावा लागतो, हा प्रश्न मग त्यांचा होतो, माझा राहत नाही.

उत्तर शोधायला शिवारफेरी. गावनकाशा घ्यावा, आणि मिळाला तर भारतीय सर्वेक्षण विभागाचा पन्नास हजारास एक प्रमाणाचा नकाशाही. भूगोलाच्या पुस्तकातल्या समोच्च रेषा त्यावर वीस-वीस मीटरच्या अंतराने दिसतात. फेरी ओढ्यातून सुरू करावी आणि पाण्याच्या उलट, वर, आढ्यापर्यंत जावी. वाटेत ओढ्याची कापलेली दरड आली की थांबायचं. तिथे जमिनीचं पोट उघडं असतं. वर हातभर काळी माती, तिच्यात गवताची मुळं. खाली पिवळसर मुरूम, नखाने उकरला तरी भुरभुरणारा. त्याखाली भोकाभोकांचा मांजऱ्या, आणि सगळ्यांत खाली काळा पाषाण. ही नावं मला विहीर खोदणाऱ्यांच्या मुलांनी सांगितली, पुस्तकाने नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर पसरत गेला, त्याचा हा खडक. महाराष्ट्राचा चार पंचमांशाहून जास्त भाग याच बेसॉल्टवर बसलेला आहे. या खडकाच्या पोटात मोठं तळं नसतं. पाणी राहतं ते झिजलेल्या मुरमात, मांजऱ्याच्या भोकांत आणि भेगांमध्ये. म्हणून आपल्या विहिरी लवकर भरतात आणि लवकर उपसतात. भूजलाचा अंदाज घेण्याच्या १९९७ च्या केंद्रीय पद्धतीत झिजलेल्या बेसॉल्टमध्ये पावसाचा ६ ते ८ टक्के आणि सच्छिद्र, भेगाळ बेसॉल्टमध्ये १२ ते १४ टक्के भाग मुरतो असं धरलेलं होतं. सात टक्के धरले तर चारशे कोटींतले अठ्ठावीस कोटी लिटर जमिनीच्या पोटात गेले. हा अठ्ठावीसचा आकडा पुढे लागणार आहे.

पाणी मुरणं मुलांनी डोळ्यांनी पाहिलं पाहिजे. त्याला दोन्ही टोकं कापलेला तेलाचा डबा लागतो. तो चार बोटं जमिनीत ठोकायचा, त्यात एक लिटर पाणी ओतायचं आणि घड्याळ लावायचं. कापलेली कड धारदार असते, ती आधी ठोकून बोथट करावी. आम्ही एकाच सकाळी तीन जागी हे केलं. उघड्या माळावर, गुरांच्या पायवाटेवर आणि बाभळीच्या सावलीत, जिथे पाला कुजलेला होता. बाभळीखाली सहा-सात मिनिटांत पाणी गुडुप झालं. माळावर पंचवीस मिनिटं लागली. पायवाटेवर अर्धा तास झाला तरी डब्यातलं पाणी जवळपास तसंच होतं, आणि एक मुलगा म्हणाला, "बाई, ही वाट नाही, हा पाटच आहे." खरंच होतं ते. पावसात माळावरचं पाणी सगळ्यांत आधी याच वाटेने पळतं, आणि पळताना माती घेऊन जातं. जमीन तीच, पाऊस तोच, फरक फक्त वर काय आहे याचा. गवत आणि पाला पाण्याला थांबवतात, मुळं त्याला आत जायला वाट करून देतात.

माथ्यावर पोचल्यावर ए-फ्रेम काढायची. पाणलोटाच्या शिक्षणात इतकं स्वस्त आणि इतकं शहाणं दुसरं साधन नाही. दोन सारख्या लांबीच्या काठ्या वर एकत्र बांधायच्या, खाली फाकवायच्या आणि मध्ये एक आडवी काठी बांधायची. वरच्या गाठीपासून सुतळीला दगड लोंबकळतो. गवंड्याचा ओळंबाच तो. आता सुतळी आडव्या काठीवर नेमकी कुठे आली की दोन्ही पाय एका पातळीवर आहेत, हे ठरवायचं. मुलं पट्टीने आडव्या काठीचा मध्य काढायला धावतात. काठ्या थोड्या वाकड्या असतात, गाठी कमी-जास्त असतात, म्हणून तो मध्य खोटा निघतो. खरी रीत अशी. दोन्ही पाय जमिनीवर टेकतील तिथे खुंट्या ठोकायच्या, आणि सुतळी जिथे आडव्या काठीला लागते तिथे खूण करायची. मग चौकट फिरवायची, म्हणजे डावा पाय उजव्या खुंटीवर आणि उजवा डाव्या खुंटीवर. सुतळी आता दुसरीकडे लागते. तिथे दुसरी खूण. या दोन खुणांच्या बरोबर मध्यावर समपातळीची खूण. जमीन तिरपी असली तरी उत्तर खरं येतं, कारण जितकी चूक एका अंगाला झाली तितकीच दुसऱ्या अंगाला झालेली असते. हे मुलांना कळतं त्या क्षणी वर्गातल्या गणिताला हात-पाय फुटतात. आठवीतल्या एका मुलाने हेच घरी करून पाहिलं आणि आजोबांना दाखवलं. आजोबा गवंडी होते. त्यांनी म्हणे चौकट दोनदा फिरवून बघितली आणि मान डोलावली.

मग एक पाय जागेवर ठेवून दुसरा पाय उतारावर वर-खाली सरकवत, सुतळी खुणेवर आली की फक्कीचा ठिपका टाकायचा. पुढे चौकट फिरवत न्यायची. दहा-पंधरा पावलं झाली की मागे वळून बघायचं. रेघ सरळ येईल असं प्रत्येकाला वाटलेलं असतं. ती वळलेली असते. घळीपाशी आत, टेकाडापाशी बाहेर. नकाशा जमिनीवर अंथरून त्यावरच्या रेषा आणि फक्कीची रेघ एकत्र दाखवावी. समोच्च रेषा म्हणजे काय हे मी कधी फळ्यावर समजावू शकले नाही, ते इथे दोन मिनिटांत होतं. लांब आखणीसाठी पारदर्शक नळीत पाणी भरून केलेला हायड्रोमार्कर जास्त सोयीचा. पानी फाउंडेशनच्या वॉटर कपमध्ये हजारो गावकऱ्यांनी तो हाताळला. ती स्पर्धा २०१६ साली वरुड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीन तालुक्यांत सुरू झाली. शाळांसाठी त्यांनी 'निसर्गाची धमाल शाळा' हा उपक्रमही केला होता. शिकवायला मात्र ए-फ्रेमच बरी. तिच्यात चूक कुठे झाली ते दिसतं.

रेघेवर चर खणायचा. याला सलग समतल चर म्हणतात, गावात आता सगळे सीसीटीच म्हणतात. साठ सेंटिमीटर रुंद, तीस सेंटिमीटर खोल. एक मीटर लांबीच्या चरात १८० लिटर पाणी मावतं, म्हणजे बारा हंडे. खणलेली माती उताराच्या खालच्या अंगाला, चरापासून वीतभर अंतर सोडून टाकायची. मुलं हमखास वरच्या अंगाला टाकतात, कारण तिकडे टाकायला सोपं पडतं. पहिल्याच पावसात ती परत चरात येते. मातीच्या भरावावर शेवरीचं किंवा स्टायलो गवताचं बी पेरावं. चर समपातळीत नसेल तर तो चर राहत नाही, पाट होतो. सगळं पाणी खालच्या टोकाला गोळा होतं, तिथे बांध फुटतो आणि जिथे ओघळ नव्हती तिथे ओघळ पडते. न केलेल्या कामापेक्षा चुकलेलं काम जास्त माती वाहून नेतं, हे शिक्षकांनी मनाशी धरून ठेवावं.

मुलांकडून काम किती घ्यावं? सहा जणांच्या गटाने तीन मीटर चर, सकाळी सात ते नऊ, तेही पहिल्या पावसाने माती मऊ झाल्यावर जूनच्या अखेरीला किंवा जुलैत. याहून जास्त नको. शिकण्यासाठी तीन मीटर पुरतात, उरलेलं श्रमदान मोठ्यांचं. दगड कुदळीने आधी उलटायचा आणि मगच हात लावायचा, कारण माळावर विंचू असतात. जमीन गायरान असेल तर ग्रामपंचायतीचा होकार घ्यावा, वनखात्याची असेल तर त्यांचा. आणि काम माथ्यापासून सुरू करावं. माथा ते पायथा हे पाणलोटाचं सूत्र पाठ म्हणून नको, कारणासकट हवं. वर पाणी थोडं आणि सावकाश असतं, ते मुलाच्या कुदळीने थांबतं. तेच खाली येईपर्यंत लोट होतं आणि मग त्याला सिमेंटचा बंधाराही पुरत नाही. वळचणीचं पाणी आढ्याला जात नाही. थांबवायचं तर आढ्यालाच.

पहिला जोराचा पाऊस झाला, की दोन बाटल्या. एक उघड्या माळावरून येणाऱ्या ओघळीचं पाणी भरून, एक गवताळ उताराखालचं. दोन्ही वर्गाच्या खिडकीत चोवीस तास ठेवायच्या. दुसऱ्या दिवशी तळाला बसलेली माती पट्टीने मोजायची. माळावरच्या बाटलीत बोटभर गाळ असतो, गवताच्या बाटलीत रेघेएवढा. यावर भाषणाची गरज नसते. बाटल्या वर्षभर खिडकीत राहू द्याव्यात.

विहीर मोजणं हे सगळ्यांत चिकाटीचं काम, आणि माझ्या मते सगळ्यांत मोलाचं. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा महाराष्ट्राची दीड हजारांहून अधिक पाणलोटांत विभागणी करते आणि निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते, ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे महिन्यात. शाळेने दर पंधरवड्याला मोजावी. कठडा असलेलीच विहीर निवडायची, दोरी मोठ्या माणसाच्या हातात, मुलं कठड्यापासून दोन पावलं मागे. कठड्यावर एका जागी रंगाची खूण करायची आणि नेहमी तिथूनच वजन बांधलेली टेप सोडायची. कठड्याची उंची वजा केली की जमिनीपासूनची खोली मिळते.

एक चूक आमच्याकडून झाली ती सांगते. एका वर्षी डिसेंबरमधल्या दोन नोंदींत पाणी एकदम दीड मीटर खाली गेलेलं दिसलं आणि पुढच्या नोंदीत परत वर. मुलांनी बरीच कारणं काढली. शेवटी विहिरीच्या मालकांना विचारलं. रात्रीच्या विजेवर मोटर चालली होती आणि आम्ही सकाळी मोटर बंद झाल्याबरोबर मोजायला गेलो होतो. उपसा थांबून पाणी परत जागेवर येईपर्यंत मोजू नये, हा नियम तेव्हापासून वहीच्या पहिल्या पानावर आहे. त्या दोन नोंदी आम्ही खोडल्या नाहीत. शेजारी लाल शाईने कारण लिहिलं.

आलेख काढताना खोली खालच्या दिशेला मोजावी, म्हणजे कागदावरची रेघ विहिरीतल्या पाण्यासारखीच वर-खाली होते. त्यावरच पावसाचे स्तंभ काढावेत. जूनमध्ये चांगला पाऊस होऊनही विहिरीची रेघ हलत नाही, ती जुलै-ऑगस्टमध्ये चढते. का? आधी माती तहान भागवते, मग मुरूम ओला होतो, आणि मगच विहिरीचा पाझर वाढतो. हे मुलांनी स्वतः शोधलेलं उत्तर असतं, म्हणून ते टिकतं.

ओढ्याची धार बारीक होऊ लागली की ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये वनराई बंधारा घालतात. सिमेंटची किंवा खताची रिकामी पोती स्वच्छ धुऊन, दोन तृतीयांश वाळू-मातीने भरून, दाभणाने शिवून, विटांसारखी सांधेमोड करत रचायची. मधल्या फटींत चिकणमाती. तळाची सैल वाळू आधी काढावी, नाहीतर पाणी पोत्यांखालून निघून जातं. हे काम पाचवीची मुलंही आनंदाने करतात.

आणि मग हिशेब. जनावरांची संख्या, कुटुंबं, पिकांखालचं क्षेत्र ही माहिती मुलं घरोघर जाऊन विचारतात. जाताना म्हाताऱ्या माणसांशी बोलावं असं मी सांगते. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडलेल्या आजी अजून आहेत. सुकडी, मिलोची भाकरी, नालाबंडिंगची कामं त्या सांगतात. याच तालुक्यातल्या नायगावला त्या दुष्काळानंतर, १९७४ पासून विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीचं काम उभं केलं. पाण्याचा वाटा जमिनीवर नाही, घरातल्या माणसांच्या संख्येवर. भूमिहीनालाही वाटा. आणि ऊस नाही. आपल्याच शिवाराच्या पलीकडे हे घडलं, हे बहुतेक मुलांना ठाऊक नसतं.

आपलं आठशे हेक्टरांचं गाव पुन्हा घेऊ. वस्ती पंधराशे. जलजीवन मिशनच्या मापाने माणशी रोज ५५ लिटर, म्हणजे वर्षाला तीन कोटी लिटर. जनावरांना दोन कोटी ठेवले. अठ्ठावीसमधून पाच गेले, तेवीस राहिले. रब्बी ज्वारीला दोन पाणी दिली आणि एका पाण्याला ७५ मिलिमीटर धरले, तर हेक्टरी पंधरा लाख लिटर. उसाला वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या पुढे लागतात. पावसाचे सगळे पाचशे त्याच्याच वाट्याला टाकले तरी दीड हजार उरतात, हेक्टरी दीड कोटी लिटर. तेवीस कोटींत दीडशे हेक्टर ज्वारी भिजते, नाहीतर पंधरा हेक्टर ऊस. आणि पाच एकर ऊस जेवढं पाणी पितो, तेवढ्यात सारं गाव वर्षभर पितं. प्रत्येक शाळेने इथे आपल्या गावाचे आकडे घालावेत, माझे नाही.

हा तक्ता वर्गात ठेवू नये. अहिल्यानगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार पावसाळा संपला की पाण्याचा ताळेबंद मांडतं आणि त्यावर पिकं ठरवतं. तिथे शेतीसाठी बोअर घ्यायची नाही आणि उसासारखी पाणीखाऊ पिकं घ्यायची नाहीत, हे गावाने ठरवून पाळलं. म्हणून वर्षाच्या नोंदी मुलांनी ग्रामसभेत वाचाव्यात असा माझा आग्रह असतो. सल्ला द्यायचा नाही, आकडे वाचायचे. एका ग्रामसभेत सातवीच्या मुलीने विहिरीची रेघ दाखवली आणि खाली बसली. एका काकांनी विचारलं, "मोजलं कुणी?" "आम्ही," ती म्हणाली. पुढची पंधरा मिनिटं मोठी माणसं आपसात बोअरबद्दल बोलत होती.

बालभारतीचं नववी-दहावीसाठी जलसुरक्षेचं पुस्तक आहे, ते जरूर वापरावं. पण मोजणी सातवीतच सुरू व्हावी, म्हणजे दहावीपर्यंत मुलांच्या हाताशी चार पावसाळ्यांची वही असते. एका वर्षाच्या आकड्यांवरून काही ठरत नाही, चार वर्षांच्या आकड्यांवरून बोलता येतं.

शिक्षक मित्रांना एकच विनंती आहे. यंदा ए-फ्रेम नाही जमली तरी चालेल, चर पुढच्या वर्षी खणू. शाळा जूनच्या मध्यावर उघडते आणि पाऊस कधीकधी त्याआधी येतो. बाटली कापून, शून्याची खूण करून, पर्जन्यमापक मे महिन्यातच पटांगणात बसवून ठेवा.